आवाज येतो, चित्र येत नाही: एच.265 ची कटकट मुळापासून कशी मिटवायची

"आवाज यायलाय, पण चित्रच दिसंना." लग्नसराई सुरू झाली की फोटो स्टुडिओच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. लातूरच्या शिकवणी वर्गात ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लेक्चरचा व्हिडिओ उघडत नाही. जिल्हा परिषद शाळेत मोबाईलवर काढलेला प्रयोगाचा व्हिडिओ स्मार्ट टीव्हीवर काळा दिसतो. मोंढ्यातल्या आडत दुकानात कॅमेऱ्याचं फुटेज पेनड्राइव्हवर घेतलं, तर पोलीस ठाण्यातल्या मशीनवर ते चालत नाही. तक्रारी चार ठिकाणच्या असल्या तरी बहुतेक वेळा मूळ एकच असतं. फाइल एच.265 म्हणजे एचईव्हीसी या पद्धतीनं दाबलेली असते आणि समोरच्या यंत्रात ती उलगडायची परवानगी घेतलेली नसते.

परवानगी हा शब्द मुद्दाम वापरला आहे. फाइल खराब नसते, कॉम्प्युटरही बिघडलेला नसतो. अडलेलं असतं ते पेटंटच्या शुल्कावर. हे ध्यानात आलं नाही की माणूस विंडोज पुन्हा टाकतो, पेनड्राइव्ह बदलतो, कुठल्यातरी साइटवरून 'कोडेक पॅक' (व्हिडिओ उलगडणाऱ्या सोयींचा गठ्ठा) उतरवतो, आणि पुढच्या लग्नाला तीच अडचण पुन्हा दारात उभी राहते.

आधी खात्री करा

फाइलच्या नावाशेवटी एमपी4 किंवा एमओव्ही लिहिलंय, एवढ्यावरून काही कळत नाही. ते डब्याचं नाव आहे, आत भाजी कुठली ते डबा सांगत नाही. म्हणूनच एमओव्हीचं नाव बदलून एमपी4 केलं तरी उपयोग होत नाही. झाकण बदलतं, भाजी तीच राहते.

व्हीएलसी प्लेयरमध्ये फाइल उघडा. कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा, किंवा टूल्स मेनूत कोडेक इन्फर्मेशन उघडा. व्हिडिओच्या ओळीत एचईव्हीसी किंवा एच.265 दिसलं तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एच264 किंवा एव्हीसी (एच.265 च्या आधीची, जवळपास सगळीकडे चालणारी पद्धत) दिसलं तर दुखणं वेगळं आहे, बहुधा आवाजाचं किंवा टीव्हीच्या मर्यादेचं. त्याबद्दल खाली लिहिलं आहे. त्याच खिडकीत 'डीकोडेड फॉरमॅट'च्या ओळीत 10-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारी फाइल) असा उल्लेख आला तर तो कागदावर टिपून ठेवा. 10-बिट फाइलला पुढे थोडी जास्त काळजी लागते.

व्हीएलसीत चालतं आणि विंडोजच्या स्वतःच्या प्लेयरमध्ये चालत नाही, असं झालं तर निदान पक्कं समजा. व्हीएलसी उलगडण्याची सोय स्वतःसोबत घेऊन येतो, विंडोजकडे मागत नाही. तो फ्रान्समधल्या व्हिडिओलॅन या ना-नफा संस्थेचा आहे.

हे दरवेळी का होतं

एच.264 हे मानक 2003 मध्ये आलं. त्यामागची पेटंटं अनेक कंपन्यांकडे होती, पण त्यातली बहुतेक एमपीईजी एलए नावाच्या एका संस्थेनं एकत्र बांधली. 2023 पासून हे काम व्हाया एलए बघते. दर ठरलेला होता: यंत्र किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला वर्षाला पहिले 1,00,000 नग फुकट, पुढे 50 लाखांपर्यंत नगामागे 20 सेंट, त्याच्या पुढे 10 सेंट, आणि कंपनीमागे वर्षाची कमाल मर्यादा. हिशोब साधा होता, म्हणून सगळ्यांनी भरला. आज टीव्ही, मोबाईल, डीव्हीआर (सुरक्षा कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणारं यंत्र), ब्राउझर, जवळपास सगळीकडे एच.264 चालतं ते यामुळे. शिवाय 2010 मध्ये त्याच संस्थेनं जाहीर केलं की लोकांना फुकट दाखवल्या जाणाऱ्या इंटरनेट व्हिडिओवर कधीच शुल्क लागणार नाही.

2013 मध्ये एच.265 आलं. तंत्र उत्तम आहे. तेवढ्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसतं. घोळ झाला तो मालकीत. सातबाऱ्यावर एकच नाव असलेली जमीन घ्यायची तर तलाठ्याकडे एक फेरी पुरते. इथे 2014 मध्ये एमपीईजी एलएचा एक गट झाला, 2015 मध्ये एचईव्हीसी ॲडव्हान्स नावाचा दुसरा, 2017 मध्ये वेलोस मीडिया हा तिसरा. वरून काही हिस्सेदार कुठल्याच गटात नाहीत. एका गटाला पैसे भरले तरी दुसरा येऊन हिस्सा मागू शकतो. वेलोस 2022 मध्ये बंद झाला, तरी त्याच्या सदस्यांची पेटंटं काही नाहीशी झाली नाहीत.

आता तारखा बघा. 19 सप्टेंबर 2017 ला आयफोनसाठी आयओएस 11 आलं आणि आयफोन 7 पासून पुढचे फोन आपोआप एच.265 मध्ये शूटिंग करू लागले. 17 ऑक्टोबर 2017 ला विंडोज 10 ची 1709 ही आवृत्ती आली आणि नव्यानं टाकलेल्या विंडोजमधून एच.265 उलगडायची सोय काढून घेतली गेली. ती स्टोअरवर 'एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स' या नावानं वेगळी विकायला ठेवली, अमेरिकेत 0.99 डॉलरला. एका महिन्याच्या आत शूट करणारं यंत्र नव्या पद्धतीकडे गेलं आणि बघणाऱ्या यंत्रातून तीच पद्धत निघून गेली. तुमच्या काउंटरवरची तक्रार तेव्हापासूनची आहे.

आणि ती विझत चाललेली नाही. 2025 मध्ये काही ऑफिस वर्गातल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या चिपमध्ये एच.265 ची सोय असूनही बनवणाऱ्यांनी ती बंद करून विकल्याचं उघड झालं. म्हणजे 'नवा लॅपटॉप घेतला की प्रश्न सुटेल' हे गृहीत धरू नका.

आज, आत्ता फाइल दाखवायची असेल तर

व्हीएलसी टाका आणि त्यात लावा. नव्वद टक्के वेळा एवढ्यावर काम होतं. चित्र अडखळत असेल तर प्रोसेसर जुना आहे. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून साधा 8-बिट एच.265 चिपमध्येच उलगडतो, 10-बिट सातव्या पिढीपासून. त्याआधीच्या मशीनवर सगळा भार सॉफ्टवेअरवर पडतो. 1080 पी (फुल एचडी) कसंबसं चालतं, 4के फरफटतं. अशा मशीनवर प्लेयर बदलून बघण्यात वेळ घालवू नका, फाइल एच.264 मध्ये बदला.

स्टोअरवरचं एक्स्टेन्शन विकत घेणं हाही सरळ मार्ग आहे. एखाद-दुसरं मशीन असेल आणि विंडोजच्याच फोटोज ॲपमध्ये व्हिडिओ बघायचे असतील तर जरूर घ्या. आयफोनचे एचईआयसी फोटोही त्यानंतर उघडतात. फोटोंसाठी 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' फुकट मिळतं, पण एचईआयसीच्या आत चित्र एच.265 नंच दाबलेलं असल्यामुळे ते एकटं टाकून भागत नाही. लोक इथे हमखास अडकतात. शाळेच्या वीस कॉम्प्युटरच्या लॅबसाठी मात्र हा मार्ग गैरसोयीचा आहे. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, ऑनलाइन पैसे भरावे लागतात, आणि मशीन फॉरमॅट झालं की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

अनोळखी साइटवरचे कोडेक पॅक टाकू नका. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या घरचे फोटो आहेत, जीएसटीचं काम आहे, त्यावर असलं काही घेणं म्हणजे घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात देणं.

उगमावर बंदोबस्त

आयफोन: सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स. तिथे 'हाय एफिशियन्सी' असतं, त्याऐवजी 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. यापुढचं शूटिंग एच.264 मध्ये होईल. जागा किती जास्त जाते ते फोनच सांगतो: 1080 पी, सेकंदाला 30 फ्रेम असेल तर मिनिटामागे एच.265 मध्ये सुमारे 60 एमबी, एच.264 मध्ये 130 एमबी. 4के, 30 फ्रेमला 170 च्या जागी 350 एमबी. दोन तासांचा कार्यक्रम 1080 पी मध्ये घ्यायचा तर साधारण 7 जीबीऐवजी साडेपंधरा जीबी मोकळी जागा हवी. वरात निघाल्यावर फोन भरल्याचं कळण्यापेक्षा हा हिशोब आदल्या दिवशी करा. 4के 60 फ्रेम आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारं शूटिंग) हे दोन्ही 'मोस्ट कम्पॅटिबल'मध्ये मिळत नाहीत. ते पाहिजेच असतील तर एच.265 मध्ये शूट करा आणि नंतर बदला.

आयफोनवरून केबलनं विंडोजवर फाइल ओढताना मध्येच 'डिव्हाइस काम करत नाही' अशा अर्थाचा एरर येऊन कॉपी थांबते, हीदेखील याच घराण्यातली अडचण आहे. फोन जाता जाता फाइल एच.264 मध्ये बदलून द्यायचा प्रयत्न करतो आणि मोठ्या फाइलला दम टाकतो. फोटोजच्या सेटिंगमध्ये अगदी खाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे. तिथे 'ऑटोमॅटिक' काढून 'कीप ओरिजिनल्स' करा. कॉपी पूर्ण होईल. बदलायचं काम कॉम्प्युटरवर शांतपणे करा.

अँड्रॉइड: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी व्हिडिओ' किंवा 'एच.265' किंवा 'एचईव्हीसी' अशा नावाचा खटका असतो. तो बंद ठेवा. सॅमसंगमध्ये तो ॲडव्हान्स्ड व्हिडिओ ऑप्शन्सच्या आत आहे. अपडेट आल्यावर एकदा डोकावून बघा, सेटिंग जागेवर आहे ना ते.

व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीनं पाठवलेला व्हिडिओ चालतो आणि तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर चालत नाही, असं का, हे अनेक जण विचारतात. साध्या पद्धतीत व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबतं, म्हणून तो कुठेही चालतो, पण दर्जा घसरतो. डॉक्युमेंटमध्ये मूळ फाइल जशीच्या तशी जाते, म्हणजे एच.265 सुद्धा तसंच जातं.

फाइल बदलायची योग्य रीत

हँडब्रेक हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर घ्या, तेही त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच. नव्या आवृत्त्यांना विंडोज 10 किंवा पुढचं लागतं. सुरू होताना डॉट नेट डेस्कटॉप रनटाइम हे मायक्रोसॉफ्टचं सहाय्यक सॉफ्टवेअर मागितलं तर आधी ते टाका.

फाइल आत ओढा. प्रीसेटमध्ये (तयार सेटिंगच्या यादीत) जनरलखालचं 'फास्ट 1080पी30' घ्या. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा भाग) एच.264 म्हणजे एक्स264 असल्याची खात्री करा. फ्रेमरेटला 'सेम ॲज सोर्स' आणि त्याच्या खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. हा दुसरा खटका सगळ्यात जास्त विसरला जातो आणि सगळ्यात जास्त त्रास देतो. मोबाईल अंधारात फ्रेम कमी करतो, उजेडात वाढवतो. तशी फाइल एडिटिंगला घेतली की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पाऊण तासानंतर मंगलाष्टकाचा 'सावधान' आधी ऐकू येतो आणि अक्षता नंतर पडतात. कॉन्स्टंट केलं की हे थांबतं.

दर्जाच्या पट्टीवर 'कॉन्स्टंट क्वालिटी'चा आकडा 1080 पी साठी 20 ते 22 ठेवा. आकडा जेवढा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. 18 च्या खाली गेल्यानं डोळ्याला फरक दिसत नाही, पेनड्राइव्हला दिसतो. घाई असेल तर इंटेल क्यूएसव्हीसारखा हार्डवेअर एन्कोडर वापरता येतो. तो कितीतरी वेगानं काम करतो, पण तेवढ्याच दर्जासाठी फाइल मोठी करतो. गिऱ्हाइकाला द्यायच्या अंतिम प्रतीला एक्स264 च बरा. आवाज एएसी, स्टिरिओ, 48 किलोहर्ट्झ, 160 ते 192 केबीपीएस. व्हिडिओ वेबसाइटवर चढवायचा असेल तर समरी टॅबमधलं 'वेब ऑप्टिमाइज्ड' चालू करा. त्यानं फाइलची अनुक्रमणिका शेवटाऐवजी सुरुवातीला लिहिली जाते आणि पूर्ण उतरण्याआधीच व्हिडिओ चालू होतो.

अनुक्रमणिकेवरून विजेचा विषय येतो, आणि आपल्याकडे तो टाळता येत नाही. एमपी4 ची ही यादी काम संपताना लिहिली जाते. तीन तासांची फाइल 95 टक्क्यांवर असताना लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं दगा दिला, तर तयार झालेला सगळा भाग डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. भारनियमनाच्या दिवसांत फॉरमॅट एमकेव्ही (एमपी4 सारखाच दुसरा डबा) ठेवा. एमकेव्ही अर्धवट राहिली तरी जिथपर्यंत झाली तिथपर्यंत चालते. काम पूर्ण झालं की लॉसलेसकट किंवा एव्हीडीमक्स या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही 'कॉपी' ठेवून एमपी4 च्या डब्यात भरा. पुन्हा दाबायचं काम नसल्यामुळे हे काही मिनिटांत होतं, दर्जा तसूभरही जात नाही. शिकवणी वर्गात ओबीएसवर लेक्चर रेकॉर्ड करणाऱ्यांनीही हेच करावं: रेकॉर्डिंग एमकेव्हीत, नंतर फाइल मेनूतलं 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'.

10-बिट एचडीआर फाइल बदलल्यावर रंग धुतल्यासारखे दिसतात, शालू करडा पडतो, हळदीचा पिवळा मेल्यासारखा वाटतो. एचडीआरचा उजेडाचा पल्ला मोठा असतो, तो साध्या पडद्याच्या पल्ल्यात नीट उतरवावा लागतो. फिल्टर्स टॅबमध्ये कलरस्पेस बीटी.709 निवडा आणि आधी तीस सेकंदांचा तुकडा काढून टीव्हीवर बघा, मगच पूर्ण फाइल लावा. पुढच्या वेळी आयफोनवर कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद करा. लग्नाचं काम पेनड्राइव्हवर द्यायचं असेल तर एचडीआरचा काही फायदा नाही.

टीव्ही आणि पेनड्राइव्ह

गिऱ्हाइकाच्या घरचा टीव्ही कुठला असेल ते तुमच्या हातात नसतं. म्हणून अंतिम प्रत सगळ्यात जुन्या टीव्हीला पचेल अशी करा: 1080 पी, 25 किंवा 30 फ्रेम, एच.264 प्रोफाइल हाय, लेव्हल 4.0 किंवा 4.1, 8-बिट. 1080 पी ला 60 फ्रेम ठेवल्या की लेव्हल 4.2 लागते आणि बरेच जुने टीव्ही नकार देतात. 4के मात्र उलटं आहे. अनेक 4के टीव्ही यूएसबीवरून 4के फक्त एच.265 मध्येच नीट घेतात, एच.264 मध्ये घेत नाहीत. 4के मागणाऱ्याला दोन प्रती द्या, एक 4के एच.265, एक 1080 पी एच.264, आणि फोल्डरच्या नावातच तसं लिहा.

चित्र येतं आणि आवाज येत नाही, 'ऑडिओ फॉरमॅट नॉट सपोर्टेड' असं दिसतं, तेव्हा आवाज डीटीएस किंवा कॅमेऱ्याच्या कच्च्या पीसीएममध्ये असण्याची शक्यता जास्त. डीटीएसच्या मागेही शुल्काचीच गोष्ट आहे. वर दिलेला एएसी स्टिरिओ घेतला की संपलं.

पेनड्राइव्ह फॅट32 या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही. एक्सफॅट केला तर बसते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. सोपा हिशोब असा: 8,000 केबीपीएस (सेकंदाला 8,000 किलोबिट, आणि 8 बिटचा एक बाइट) म्हणजे सेकंदाला 1 एमबी, तासाला 3.6 जीबी. हँडब्रेकमध्ये दर्जाच्या आकड्याऐवजी सरासरी बिटरेट 8,000 आणि मल्टी-पास ठेवा, रेंजमध्ये सेकंद निवडून 3,600 सेकंदांचे भाग पाडा: हळद, लग्न, वरात. प्रत्येक भाग फॅट32 वर आरामात बसतो आणि घरच्यांनाही हवा तो भाग लगेच सापडतो.

शुल्कमुक्त मार्ग: व्हीपी9 आणि एव्ही1

या सगळ्या कटकटीला कंटाळूनच दुसरी वाट निघाली. गुगलनं व्हिडिओ दाबायची व्हीपी8 ही पद्धत 2010 मध्ये आणि व्हीपी9 ही 2013 मध्ये शुल्काशिवाय खुली केली. 2015 मध्ये ॲमेझॉन, सिस्को, गुगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स यांनी अलायन्स फॉर ओपन मीडिया ही संघटना उभी केली. मार्च 2018 मध्ये त्यांचा एव्ही1 आला. विंडोजच्या स्टोअरवर एव्ही1 आणि व्हीपी9 ची एक्स्टेन्शन्स फुकट मिळतात, एच.265 चं विकत, यातच फरक समजतो.

शुल्कमुक्त म्हणजे सदस्य कंपन्यांनी आपापली पेटंटं विनामूल्य वापरू द्यायचं मान्य केलं आहे. बाहेरच्यांनी काही मागू नये असं त्यात नाही, आणि ते मागतातही. सिसवेल या कंपनीनं 2019 मध्ये व्हीपी9 आणि एव्ही1 साठी गट जाहीर केला, एव्ही1 चा दर पडदा असलेल्या यंत्रामागे 0.32 युरो आणि पडदा नसलेल्यामागे 0.11 युरो. एचईव्हीसी ॲडव्हान्स आता ॲक्सेस ॲडव्हान्स झाली आहे. तिनं जानेवारी 2025 मध्ये स्ट्रीमिंग सेवांसाठी काढलेल्या गटात एव्ही1 आणि व्हीपी9 सुद्धा धरले. रोख यंत्रं बनवणाऱ्यांवर आणि स्ट्रीमिंग कंपन्यांवर आहे. परभणीतल्या स्टुडिओनं एव्ही1 फाइल बनवली म्हणून त्याच्या दारात कोणी पावतीपुस्तक घेऊन येत नाही. तरीही 'याला कधीच कोणाचा दावा नाही' असं गिऱ्हाइकाला छातीठोक सांगू नये.

मग एव्ही1 कुठे वापरायचा? वेबसाइटवर आणि साठवणीत. पेनड्राइव्हवर अजून नाही, कारण जुन्या टीव्हीला तो कळत नाही. चिपमध्ये एव्ही1 उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, एनव्हिडियाच्या आरटीएक्स 30 मालिकेपासून आणि आयफोन 15 प्रोपासून आहे. त्याआधीच्या मशीनवर डॅव्हिड नावाचा सॉफ्टवेअर डीकोडर काम करतो. व्हीएलसी आणि फायरफॉक्समध्ये तो असतो. साध्या लॅपटॉपवर 720 पी लेक्चर तो आरामात चालवतो.

शिकवणी वर्गाला एव्ही1 चा खरा फायदा आहे. फळ्याचं लेक्चर म्हणजे जवळपास स्थिर चित्र, आणि असं चित्र एव्ही1 फार कमी जागेत बसवतो. औसा, निलंगा, अहमदपूरकडच्या खेड्यात दिवसाच्या ठरलेल्या डेटावर शिकणाऱ्या पोरांचा डेटा वाचणं ही मोठी गोष्ट आहे. हँडब्रेक 1.6 पासून एसव्हीटी-एव्ही1 एन्कोडर आहे. व्हिडिओ टॅबमधला एन्कोडर प्रीसेट 6 ते 8 मध्ये ठेवा, आकडा वाढवला की वेग वाढतो. दर्जाचा आकडा 30 ते 35 पासून सुरू करा. ही मोजपट्टी एक्स264 पेक्षा वेगळी आहे, तिथला 22 इथे आणला तर फाइल विनाकारण फुगेल. फळ्यावरची बारीक अक्षरं, विशेषतः रसायनशास्त्रातले घातांक आणि बाण, झूम करून तपासा. आवाजासाठी ओपस घ्या, तोही शुल्कमुक्त आहे. बोलण्याला 48 केबीपीएस मोनो भरपूर होतो.

पण एकटा एव्ही1 ठेवू नका. वेबसाइटच्या एचटीएमएलमधल्या व्हिडिओ टॅगमध्ये सोर्सच्या ओळी वरून खाली क्रमानं लावा: आधी एव्ही1, मग व्हीपी9, शेवटी एच.264. प्रत्येक ओळीच्या टाइपमध्ये कोडेकचं नाव लिहा, म्हणजे ब्राउझर फाइल उतरवण्याआधीच आपल्याला झेपणारी ओळ निवडतो. क्रम उलटा लावला तर सगळ्यांना एच.264 च जाईल आणि केलेली मेहनत वाया जाईल. एच.264 ची प्रत ठेवली म्हणून शुल्काची धास्ती घेणाऱ्यांसाठी: एमपीईजी एलएच्या तक्त्यात सभासद वर्गणीवर चालणाऱ्या सेवांना वर्षाला 1,00,000 सभासदांपर्यंत शुल्क नव्हतं, आणि फुकट इंटरनेट व्हिडिओवर तर नव्हतंच. वर्ग त्याहून मोठा झाला असेल तर सध्याचा तक्ता बघूनच पाऊल टाका.

लिनक्सची लॅब

शाळेच्या लॅबमध्ये उबंटू असेल तर 'रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' हे पॅकेज टाका. फेडोरात आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडून पूर्ण एफएफएमपेग (व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर) घ्या. 2022 मध्ये फेडोरानं ग्राफिक्स ड्रायव्हरमधली एच.264 आणि एच.265 ची हार्डवेअर सोय याच पेटंटच्या कारणानं काढली. म्हणून अपडेटनंतर अचानक पंखा जोरात फिरायला लागला आणि व्हिडिओ अडखळू लागला तर त्याच भांडारातला 'फ्रीवर्ल्ड' मेसा ड्रायव्हर लावा. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.264 आणि एच.265 दोन्ही घेत नाही. स्टुडिओत लिनक्सवर जायचा विचार असेल तर हे आधी लक्षात घ्या.

कॅमेऱ्याचं फुटेज

डीव्हीआरच्या एन्कोड सेटिंगमध्ये मेन स्ट्रीमचं कॉम्प्रेशन एच.265 वरून एच.264 केलं की फुटेज कुठेही चालतं, पण त्याच हार्डडिस्कवर दिवस कमी बसतात. तीस दिवसांची साठवण पंधरा-अठरावर येईल असं धरून चाला. ती परवडत नसेल तर एच.265 राहू द्या आणि लागेल तेवढाच तुकडा बदला. एच.265 च्या पुढे अधिक चिन्ह असलेले 'स्मार्ट' प्रकार मात्र बंद करून साधा एच.265 ठेवा. ते प्रत्येक कंपनीचे आपापले असतात आणि दुसऱ्या प्लेयरमध्ये पुढे-मागे करताना अडकतात.

चोरी किंवा अपघाताचं फुटेज पोलिसांना द्यायचं असेल तर बदललेली प्रत फक्त बघण्यापुरती. मूळ फाइलला हात लावायचा नाही, नावही बदलायचं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहायचं असतं. सेव्हन-झिप टाकलेल्या मशीनवर मूळ फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-256 हा हॅश काढा आणि तो आकडा जसाच्या तसा जपून ठेवा. मूळ फाइल, डीव्हीआर कंपनीचा प्लेयर आणि हॅशची नोंद एका नव्या पेनड्राइव्हवर द्या. एच.264 प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर, त्यावर 'फक्त पाहण्यासाठी' अशी चिठ्ठी चिकटवून. आणि हे डीव्हीआरनं जुनं फुटेज पुसायच्या आत करा. डिस्क भरली की तो न विचारता सगळ्यात जुन्या दिवसावर नवा दिवस लिहितो.